ऊन ‘लागतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

आजचा एपिसोड उन्हाचा.

आपलं वडूज खटाव तालुक्यात, म्हणजे दुष्काळी पट्ट्यात. त्यामुळे उन्हाच्या त्रासाला आपल्याकडे शब्द भरपूर. ऊन लागलं, उन्हाळी लागली, घोळणा फुटला, उष्णता वाढली. प्रत्येक त्रास वेगळा, उपायही वेगळा.

अशीच वर्गवारी चीनमध्येही झाली, आणि तिची गोष्ट भारी आहे. साधारण १,८०० वर्षांपूर्वी चांग चोंगचिंग या वैद्याने तापावर ग्रंथ लिहिला. त्याचा भर थंडीने येणाऱ्या तापावर. पुढे कित्येक शतकं तोच प्रमाण. पण दक्षिणेकडच्या गरम, दमट भागातले ताप त्यात नीट बसेनात.

मग १८व्या शतकात सुचौच्या ये तिआनशीने उष्ण तापाच्या चार पायऱ्या मांडल्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एररच्या लेव्हल! उष्णता आधी अंगाच्या बाहेरच्या थरात, मग आत. तिसरीला माणूस बरळायला लागतो, चौथीला रक्तस्राव. १७९८ साली वू जुतोंगने यावर अख्खा ग्रंथ पूर्ण केला.

भर उन्हाळ्यातल्या उष्णतेला चिनी वैद्यकात वेगळंच नाव आहे, ‘शू’. ऊन लागलं की म्हणतात ‘चोंगशू’, म्हणजे शूचा तडाखा बसला. आपल्या ‘उष्माघात’मधला आघात तोच की! उपायही ओळखीचे वाटतील. तापावरच्या एका जुन्या काढ्याचं नाव ‘पांढरा वाघ’, आणि कलिंगडाला तिथे म्हणतात निसर्गानेच बनवलेला पांढरा वाघ.

पण पन्हं काय, कलिंगड काय, एका रेघेपर्यंतच चालतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात लोक उघड्या मैदानात उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जण गेले.

ती रेघ कुठली? ये तिआनशीची तिसरी पायरी आठवा. आजचे डॉक्टरही तिथेच सावध होतात. घाम, थकवा, चक्कर असेल तर सावली आणि पाणी. पण माणूस असंबद्ध बोलतोय, भान हरपतंय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात. खिशातला कांदा इथे कामाचा नाही. १०८ लावा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

रानात, बांधकामावर राबणाऱ्या आपल्या माणसांना हा एपिसोड नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!