नाताळची उतरती रात्र

भिगवणच्या कागद कारखान्यामुळं 'द ऑफिस' आमच्या घरात शिरली. हा बिल्टचा कारखाना इंदापूर तालुक्यातला, आणि ही अमेरिकी मालिका कागद विकणाऱ्या कंपनीची: डंडर मिफ्लिन, स्क्रँटन शाखा, पेनसिल्व्हेनिया. भाचा बारामतीच्या एमआयडीसीत हिशेब विभागात आहे. 24 डिसेंबरला तो इंदापूरला मुक्कामाला आला आणि मालिकेचे नाताळचे भाग ओळीनं बघायचं ठरलं; 2011चा भाग रात्री 11ला.

संध्याकाळी 6. उरले पाच तास.
पहिला नाताळ 2005चा. भेटीची मर्यादा 20 डॉलर, पण साहेब मायकल स्कॉट लाडक्या रायनसाठी 400 डॉलरचा आयपॉड आणतो. त्याला स्वतःला मिळतो सहकारी फिलिसनं विणलेला ओव्हनचा हातमोजा. तो एवढा हिरमुसतो, की सगळ्यांच्या भेटी अदलाबदलीला काढतो. त्यात कचेरीतल्या जिमनं सहकारी पॅमसाठी मन लावून सजवलेली चहाची किटली भलत्याच हाती जाते. भाच्याच्या मामी म्हणाल्या, "अहो, हा साहेब वाईट नाही, प्रेमाला हपापलेला आहे." पुढची सगळी मालिका त्या एका वाक्यात आहे.

संध्याकाळी 7. उरले चार तास.
2006चा भाग, हॅरल्ड रॅमिसनं दिग्दर्शित केलेला. एकाच कचेरीत दोन पार्ट्या एकमेकींच्या विरोधात. 2007ला नाताळचा भागच नाही, कारण लेखकांचा संप. जेवणासाठी थांबलो.

रात्री 8.30. उरले अडीच तास.
2008. कचेरीतल्या मेरेडिथच्या केसांना पार्टीत आग लागते आणि मायकल तिला जबरदस्तीनं व्यसनमुक्ती केंद्रात नेतो. शेवटी फिलिस सहकारी अँजेलाचं गुपित सगळ्यांसमोर फोडते. खोलीत कुणाला हसू येईना, तरीही भाग विलक्षण आहे. ज्यांना एकमेकांपासून पळता येत नाही अशी माणसं सणाच्या दिवशी एका खोलीत कोंडली, की काय होतं, ते इथं निर्भीडपणे दाखवलंय. खंडेनवमीला यंत्रांना हार घालताना वर्षभर न बोललेली दोन माणसं शेजारी उभी राहतात, तेव्हाचा ताण ज्यांनी पाहिलाय त्यांना हा भाग लगेच कळेल.

रात्री 9. उरले दोन तास.
2009. कचेरीतला अँडी सहकारी एरिनला बारा दिवसांच्या बारा भेटी पाठवतो, त्यात खरेखुरे पक्षी. ते तिला चावतात, ओरबाडतात. दोघांचं प्रेम इथून उमलतं. हे लक्षात राहू द्या.

रात्री 9.45. उरला सव्वा तास.
2010. मायकलची आवडती हॉली परत येते. सहकारी ड्वाइट बर्फाच्या गोळ्यांनी जिमला इतका छळतो, की जिम रक्तबंबाळ होतो. विनोद आहे, पण इजाही खरी आहे. यानंतर, 28 एप्रिल 2011ला मायकलचा निरोपाचा भाग दाखवला गेला आणि स्टीव्ह कॅरेल मालिकेतून गेला. सप्टेंबरात अँडी शाखेचा साहेब झाला.

रात्री 11.
'ख्रिसमस विशेस'. अमेरिकेत प्रसारण 8 डिसेंबर 2011. लेखिका मिंडी केलिंग, दिग्दर्शक स्वतः अँडीची भूमिका करणारा एड हेल्म्स. दोघंही गुणी, म्हणून दुःख जास्त.

अँडी ठरवतो, की सगळ्यांच्या इच्छा पुऱ्या करायच्या. घात इथंच आहे. मायकल स्वतःसाठी प्रेम मागायचा आणि त्या मागण्यानं सणाचा विचका व्हायचा. विनोद त्यातूनच जन्मायचा. अँडी नुसता देत राहतो. देणाऱ्याला काही गमवावं लागत नाही, त्यामुळं त्याच्या पार्टीला धोकाच नाही.

मग जिम आणि ड्वाइटच्या खोड्या. त्या थांबाव्यात म्हणून अँडी नाताळचा बोनस कापायची धमकी देतो. भाचा ताडकन म्हणाला, "मामा, आपल्याकडं असं नाही करता येत." बरोबर आहे. बोनसच्या कायद्यानं किमान 8.33 टक्के, जास्तीत जास्त 20 टक्के बोनस ठरवून दिलाय, आणि फसवणूक, हाणामारी, चोरी, तोडफोड असल्या कारणानं कामावरून काढल्याशिवाय तो बुडत नाही. खोडी त्यात बसत नाही. अमेरिकेत कायदा वेगळा असेल, पण बोनसचं वजन तिथंही तेच: मुलांचे कपडे, थकलेला हप्ता. जिमच्या घरी लहान मूल आहे. तरी त्या धमकीची झळ कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. बोनस हा खोड्यांचा आणखी एक खेळ होतो. आदल्या वर्षी बर्फानं रक्त काढलं होतं, यंदा पगाराची धमकीही बोचत नाही.

एरिनचं दुखणं तेवढं खरं आहे. अँडीच्या नव्या मैत्रिणीशी, जेसिकाशी, ती दिवसभर गोड वागते आणि दारू चढल्यावर जेसिका मेलेली बरी असं बोलून जाते. पक्ष्यांनी ओरबाडलेली तीच ही मुलगी. इथं लेखणीनं थांबायला हवं होतं. त्याऐवजी वरिष्ठ रॉबर्ट कॅलिफोर्निया तिला गाडीत घेऊन निघतो, अँडी मागं लागतो आणि आपण तिच्याऐवजी रॉबर्टच्या हेतूचाच विचार करत बसतो. एकटं पडलेल्या मुलीचं दुःख दोन पुरुषांमधल्या संशयात हरवतं.

मामी मध्येच उठून दूध विरजायला गेल्या. 2008च्या भागात, कुणी हसत नसतानाही, त्या जागच्या हलल्या नव्हत्या.