चांद्याच्या परकोटात करवतीची पारख

जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार वेशींच्या आत वसलेले जुने चंद्रपूर म्हणजे गोंडराजांचा चांदा. येथील गोल बाजारासारख्या जुन्या पेठेत लहान दुकानांतून वस्त्रखरेदी करताना या वनप्रदेशाची खास ओळख असलेल्या करवती टसर साडीची पारख असणे अगत्याचे ठरते.

चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात ऐन व अर्जुन वृक्षांवर टसरच्या अळ्या पोसल्या जातात. ढिवर समाजाचा हा परंपरागत व्यवसाय आहे. साडीचे अंग टसरचे, तर काठ सुती असून त्यावर करवतीच्या दात्यांची नक्षी असते. काठ आणि अंग यांचे धागे तीन धोट्यांनी परस्परांत गुंतवून विणले जातात. त्यामुळे अस्सल साडीचे दाते दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसतात. छापील नकलेत मागची बाजू फिकट राहते.

सन २००४ पासूनचे ‘सिल्क मार्क’ शुद्ध रेशमाची हमी देते, विणकामाची नव्हे. त्यासाठी २००६ मध्ये सुरू झालेले ‘हँडलूम मार्क’ पाहावे. स्वस्त नकलेपुढे हातमाग टिकायचा असेल, तर ग्राहकाने दराआधी माग विचारायला हवा.