जलवेष्टित वस्तीची शौचव्यवस्था : बाळापूरचा किल्ला, मुंबईची फ्रिगेट व हातपंपाचें शौचपात्र

प्रस्तुत लेखाचा विषय वाचकांस कांहींसा विचित्र, किंबहुना ग्राम्य वाटण्याचा संभव आहे. संशोधकांच्या त्रैमासिकांत सनदा, शकावल्या व वंशावळी यांस स्थान मिळतें. शौचकूपास सहसा मिळत नाहीं. परंतु जेथें शें-दोनशें माणसें पाण्यानें वेढलेल्या जागेंत दिवसेंदिवस कोंडलेलीं असतात, तेथें मळ कोठें जातो व तो कोण नेतो, हा प्रश्न दाणागोटा व दारूगोळा यांच्याइतकाच निकडीचा असतो. किल्ला व जहाज या दोन्ही ठिकाणीं तो सारखाच उपस्थित होतो. त्याचीं जीं उत्तरें मनुष्यानें शोधिलीं त्यांचा क्रम लावून पाहणें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

हा प्रश्न आमच्या मनांत प्रथम उद्भवला तो बाळापूर येथें. अकोला जिल्ह्यांतील हें गांव मन व म्हैस या दोन नद्यांच्या कांठीं वसलेलें आहे. या दोन प्रवाहांच्या कांठीं नाना प्रकारचे सुंदर खडे सांपडतात, अशी नोंद अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत केली आहे. याच प्रांतीं इ. स. १७२० मध्यें निजामुल्मुल्कानें आलमअलीखानाचा पराभव केला, हें इतिहासज्ञांस विदित आहेच. येथील किल्ल्याचें काम औरंगजेबाचा पुत्र आजमशहा यानें आरंभिलें व एलिचपूरचा नवाब इस्माईलखान यानें तें इ. स. १७५७ त पूर्ण केलें. किल्ला संगमाजवळच्या उंचवट्यावर असून त्याचे बुरूज व तट उत्तम भाजलेल्या विटांचे आहेत. पावसाळ्यांत नद्या भरून आल्या म्हणजे एक जागा सोडून सर्व बाजूंनीं पाणी होतें. अशा वेळीं तो किल्ला नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजासारखा दिसतो. आंतील शिबंदी, घोडीं व कारखाने यांचा मळ रोजच्या रोज बाहेर पडलाच पाहिजे, आणि बाहेर तर पाणी! पिण्याचें पाणीही त्याच नद्यांशीं निगडित. समुद्रावरील खलाशापुढें जी अडचण सदोदित असते, तीच येथें दरवर्षीं चातुर्मासांत उभी राहत असली पाहिजे.

गडकोटांवरील स्वच्छतेचा विचार आपल्या पूर्वजांनीं केलेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडावरील पाण्याच्या सोयीविषयीं जितका काटेकोरपणा आहे, तितकाच केरकचऱ्याविषयीं आहे. झाडलेला केर गडाखालीं न लोटतां जागोजाग जाळावा व ती राख परसांत टाकून भाजीपाला करावा, अशा आशयाची आज्ञा तेथें आहे. राजगडाच्या तटबंदींत शौचकूप आजही पाहावयास मिळतात. मालवणच्या सिंधुदुर्गाचें बांधकाम इ. स. १६६४ त सुरू झालें. त्याच्याही तटांत शौचकूप बांधलेले आहेत. या शौचकूपांची योजना साधी आहे. तटाच्या जाडींत कोनाडा, त्याच्या तळाशीं उतरती मोरी व तिचें तोंड तटाबाहेर. मळ वाहून नेण्याचें काम येथें उताराकडे व पावसाकडे सोंपविलेलें असतें.

दगडाचा शौचकूप टिकला. लांकडाचें गलबत टिकलें नाहीं. तुळाजी आंग्र्याचें आरमार इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत जळून भस्म झालें, तेव्हां त्या गुराबांबरोबर त्यांवरील दैनंदिन व्यवस्थेचा प्रत्यक्ष पुरावाही नष्ट झाला. तथापि हिंदी महासागरांतील शिडाच्या व्यापारी जहाजांवर विसाव्या शतकापर्यंत चालत आलेली एक रीत ज्ञात आहे. जहाजाच्या पिछाडीस, कठड्याबाहेर, पाण्यावर लोंबती अशी एक लांकडी पेटी बांधीत. तळाशीं भोंक व खालीं समुद्र, एवढीच ती योजना. तटांतील कोनाडा व ही पेटी यांत तत्त्वतः कांहीं भेद नाहीं.

यूरोपीय जहाजांवर हीच योजना उलट टोकास होती. चौकोनी शिडांच्या जहाजास वारा बहुधा मागून लागतो. तेव्हां दुर्गंधि पुढें निघून जावा म्हणून खलाशांची बसण्याची जागा जहाजाच्या नाळेवर, अगदीं पुढें, उघड्यावर केलेली असे. इंग्रजींत जहाजावरील शौचस्थानास आजही ‘हेड’ म्हणजे ‘डोकें’ म्हणतात, त्याचें मूळ हेंच. स्वीडनचें ‘वासा’ हें जहाज इ. स. १६२८ त पहिल्याच सफरीवर बुडालें व १९६१ त वर काढण्यांत आलें. त्याच्या नाळेवर अशा दोन पेट्या सांपडल्या. अधिकाऱ्यांस मात्र पिछाडीच्या सज्जांत आडोसा मिळे. वारा, ऊन व लाटा खलाशांनीं सोसावयाच्या, असा तो भेद होता.

या पद्धतीच्या काळांतील एक जहाज आपल्या मुंबईचेंच आहे. ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं सागवानी लांकडाची बांधली जाऊन १२ आक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सोडण्यांत आली. तिचे नकाशे प्रथम ‘जावा’ नामक जहाजाबरोबर पाठविले होते; तें इ. स. १८१२ त अमेरिकन आरमारानें घेतलें, म्हणून दुसरी प्रत धाडावी लागली. हें मुंबईचें सागवान आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत्या स्थितींत आहे. तिच्या जातीच्या फ्रिगेटींवर तीनशेंच्या आसपास माणसें असत, व त्यांच्यासाठीं बसण्याच्या जागा थोड्या व नाळेवरच असत.

पुढें जहाजांच्या खोल्या पाण्याच्या पातळीखालीं जाऊं लागल्या, तेव्हां उतार संपला. खालीं भोंक पाडावें तर समुद्रच आंत येणार! येथें यंत्राची गरज पडली. जमिनीवर हें यंत्र आधींच सिद्ध झालें होतें. सर जॉन हॅरिंग्टन यानें पाण्यानें धुतल्या जाणाऱ्या शौचपात्राचें वर्णन इ. स. १५९६ त छापिलें. अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ त वांकड्या नळींत पाणी अडवून दुर्गंधि थांबविण्याच्या युक्तीचा हक्क मिळविला. आणि जोसेफ ब्रामा यानें १७७८ त झडपेची सुधारणा केली. जहाजासाठीं यांत हातानें चालवावयाच्या पंपाची भर पडली, व लहान शिडाच्या नौकांवर तेंच शौचपात्र आजतागायत प्रचारांत आहे.

त्याची रचना अशी. पात्राशेजारीं एक उभें नळकांडें असून त्यांत दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्याच्या एका बाजूस समुद्राचें स्वच्छ पाणी ओढलें जाऊन पात्रांत पडतें. दुसऱ्या बाजूनें पात्रांतील मळ ओढून बाहेर ढकलला जातो. पाणी घेणाऱ्या व मळ सोडणाऱ्या नळ्या तळाशीं तोट्यांनीं बंद करतां येतात. बाहेर गेलेलें परत येऊं नये म्हणून निर्गमाच्या वाटेवर रबराची एक चिरलेली झडप असते. दोन्ही नळ्या पाण्याच्या पातळीवर उंच कमान करून नेतात व कमानीच्या माथ्यावर हवा घेणारें छिद्र ठेवितात. नाहींतर वक्रनलिकेच्या नियमानें समुद्र आपोआप आंत येऊं लागतो.

ज्या संग्राहकांपाशीं असें जुनें पात्र येईल, त्यांनीं त्याच्या दोषांचें ज्ञान करून घ्यावें. ज्याप्रमाणें पोथीवरील डाग व कसर पाहून ती कोठें ठेविली होती हें समजतें, त्याप्रमाणें झिजेवरून यंत्राचें आयुष्य वाचतां येतें. पात्र आपोआप भरत असेल तर कमानीचें छिद्र बुजलेलें असतें, किंवा पाणी घेणारी झडप झिजलेली असते. बाहेर टाकलेलें परत येत असेल तर रबरी झडप निकामी झालेली असते. दट्ट्याच्या दांड्याभोंवतीं पाणी गळत असेल तर माथ्याचें वेष्टण गेलेलें समजावें. पंप जड चालत असेल तर कडीं कोरडीं पडलेलीं असतात, अथवा निर्गमाची नळी आंतून चोंदलेली असते. समुद्राचें पाणी व मूत्र यांच्या संयोगानें नळींत चुन्यासारखा कठीण थर बसतो आणि रुंद नळी बोटभर उरते. शिरका किंवा सौम्य आम्ल भरून ठेविल्यास कोंवळा थर विरघळतो. जुना झाल्यास नळी काढून धक्क्यावर आपटणें किंवा नवी घालणें, हेच उपाय. दुर्गंधीचें कारण नेहमीं मळच असतो असें नाहीं. पाणी घेणाऱ्या नळींत सांचलेल्या समुद्रजलांतील सूक्ष्म जीव मरून कुजतात, व पहिल्या दोन-चार ओढींस तो वास येतो. नळीच वास धरून बसली असेल तर गरम पाण्यांत भिजविलेलें फडकें तिच्यावर घासून हुंगावें. फडक्यास वास लागल्यास ती नळी बदलावी.

सर्वच यंत्र बदलावयाचें झाल्यास प्रथम गोड्या पाण्यानें पुष्कळ वेळ धुवून घ्यावें, नंतर तळाच्या दोन्ही तोट्या बंद कराव्या, व मगच नळ्या सोडवाव्या. नव्या पात्राच्या बैठकीचीं भोंकें जुन्याशीं बहुधा जुळत नाहींत; जुनीं भोंकें बुजवून नवीं पाडावीं लागतात. पाण्याच्या पातळीखालील प्रत्येक सांध्यास दोन पट्ट्या आवळाव्या, आणि तोटीशेजारीं मऊ लांकडाची निमुळती खुंटी दोरीनें बांधून ठेवावी, हा जुन्या दर्यावर्द्यांचा परिपाठ आहे. शेवटीं एकेक तोटी उघडून सांधे कोरडे राहतात कीं नाहीं तें पाहावें.

ही दक्षता अनाठायीं नाहीं, हें एका प्रसिद्ध दुर्घटनेवरून दिसेल. १४ एप्रिल १९४५ रोजीं स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ जर्मनीची ‘यू-१२०६’ ही पाणबुडी सुमारें २०० फूट खोल असतां शौचयंत्रावाटे समुद्र आंत शिरला. पाणी विद्युद्घटांपर्यंत जाऊन विषारी वायु उत्पन्न झाला, व पाणबुडी वर आणून सोडून द्यावी लागली. कप्तानानें स्वतःच यंत्र चुकीचें चालविलें, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. कप्तानाच्या स्वतःच्या निवेदनांत मात्र पुढील भागांतील शौचयंत्राची दुरुस्ती चालू असतां पाणी आलें असें आहे. दोन्ही हकीकती वेगळ्या असल्या तरी एका झडपेवर सर्वांचा जीव अवलंबून होता, हें दोहींसही मान्य आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तटांतील मोरी, पिछाडीची पेटी व हातपंप, या तिहींत एक गोष्ट समान आहे : मळ दुसऱ्या मनुष्याच्या डोक्यावर जात नाहीं. जमिनीवरील शहरांत असें झालें नाहीं. तेथें टोपलीचे संडास आले व ते साफ करण्याचें काम जातीनें कांहीं माणसांवर लादलें गेलें. इ. स. १९३२ त रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं भंगीकाम मागितलें. तें उच्चवर्णीयास देतां येत नाहीं म्हणून नाकारलें गेलें, तेव्हां त्यांनीं अन्नत्याग आरंभिला व येरवड्यास गांधीजींनींही उपवास केला. पुढें त्याच अप्पासाहेबांनीं कणकवलीस गोपुरी आश्रमांत, दुसऱ्याच्या हातांची गरज पडूं नये असा संडास प्रचारांत आणिला. डोक्यावरून मैला वाहण्यास कायद्यानें बंदी करणारे अधिनियम मात्र १९९३ व २०१३ सालचे आहेत. शिडाच्या नौकेवर धनी असो वा तांडेल, ज्यानें पात्र वापरलें त्यानेंच दांडा ओढावयाचा. आणि तें बिघडलें तर हात घालावयाचा तोही त्यानेंच. हा समतेचा धडा त्या लहानशा यंत्रानें निमूटपणें दिला आहे.

समुद्र सर्व पोटांत घालतो, ही समजूतही आतां राहिली नाहीं. २००३ पासून अंमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें मोठ्या जहाजांस शुद्ध न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आंत सोडतां येत नाहीं. केर गडाखालीं लोटूं नये, या अमात्यांच्या आज्ञेचाच हा विस्तार म्हणतां येईल.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. बाळापुरास एके काळीं कागद होत असे, व वऱ्हाडांतील दप्तरांत जुना कागद अद्याप पुष्कळ आहे. तो चाळतांना सनदा व पत्रें निवडून काढितात आणि डागडुजीचे हिशेब, मोऱ्या उपसल्याच्या मजुरीच्या यादी, चुनाविटांचे ताळेबंद हे रद्दींत जातात. किल्ल्याची मोरी कोणी बांधिली, दरसाल कोणी उपसली व त्यास काय मिळालें, हें सांगणारे कागद तेच आहेत. ज्यांच्यापाशीं असे रुमाल असतील त्यांनीं ते न फोडतां जसेच्या तसे ठेवावे, व निदान त्यांची यादी तरी मंडळाकडे धाडावी.