तळटीप १४ : खोडदचा फुटलेला तारा

१४. खोडद हे गाव जुन्नर तालुक्यातले, म्हणजे पारनेर, संगमनेर व अकोले या नगरकडील तालुक्यांच्या हद्दीपलीकडचे. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीस अनुलक्षून लेखकाने हा उल्लेख केला आहे. अभिप्रेत तारा बहुधा ‘एसएन १९९३जे’ हा अतिनवतारा होय. सप्तर्षींच्या तारकासमूहातील, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम ८१ या दीर्घिकेत तो २८ मार्च १९९३ रोजी फ्रान्सिस्को गार्सिया दियास या स्पॅनिश हौशी निरीक्षकास प्रथम दिसला. खोडदची दुर्बीण तेव्हा पुरती उभीही राहिली नव्हती, त्यामुळे शोधाचे श्रेय तिच्या नावे रुजू करणे कालक्रमास धरून नाही. तिची कामगिरी पुढची आणि, आमच्या मते, अधिक मोलाची. स्फोटात उधळलेले द्रव्य ताऱ्याने पूर्वीच सोडलेल्या वायूवर आदळून जे रेडिओ तरंग उठतात, ते दृश्य तेज मावळल्यावरही वर्षानुवर्षे टिकत असल्यामुळे, पूनम चंद्रा, अलक रे व संजय भटनागर या संशोधकांना, स्फोटानंतर सुमारे ३,२०० दिवसांनी घेतलेल्या खोडदच्या व अमेरिकेतील व्हीएलए दुर्बिणीच्या नोंदी एकत्र करून, अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन ती ऊर्जा आधी गमावतात या तत्त्वाच्या आधारे, तेथील चुंबकीय क्षेत्राचे अनुमान बांधता आले. त्याविषयीचा त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या डोळ्यांस हा तारा कधीच दिसण्याजोगा नव्हता. सबब पुढील परिच्छेदात अकोलेकर मंडळींनी अंगणातून पाहिलेला तारा निराळा समजावा. — संपा.