चार आण्यांची गोळी कुठे गेली?

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बातमी आली आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर तीच फिरत राहिली. 'पान पसंद', 'मँगो मूड', 'कॉफी ब्रेक', 'टूटी फ्रूटी' या गोळ्या बनवणाऱ्या रावळगाव शुगर फार्म कंपनीने गोळ्यांची नावं, पाककृती आणि त्यांचे सगळे हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना विकले होते. जमीन, इमारती आणि यंत्रं कंपनीकडेच राहिली. विकली गेली ती नावं आणि चव. ग्रुपवर कुणी जुने फोटो टाकले, कुणी रडके चेहरे. एकाने लिहिलं, "आपलं बालपण २७ कोटींना गेलं रे."

मीही एक रडका चेहरा टाकला आणि संध्याकाळी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे वडील. मालेगावजवळच्या आमच्या गावात त्यांनी जवळपास तीस वर्षं किराणा दुकान चालवलं. मला वाटलं होतं, त्यांनाही वाईट वाटेल. बातमी ऐकून ते म्हणाले, "गोळ्या होय? लई कामाच्या होत्या. सुट्ट्यांचं काम भागायचं त्यांच्यावर."

एवढंच बोलले. पण माझ्या आठवणीतली गोळी आणि त्यांच्या आठवणीतली गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आधी माझी गोळी सांगतो. आमच्यासाठी रावळगाव हे आधी एक गाव होतं. मालेगाव तालुक्यातलं, नकाशात सापडणारं. त्याच गावाचं नाव देशभर गोळीच्या कागदावर फिरतं, याचा आम्हाला फार अभिमान. दुसरं असं नाव पार्ल्याचं. १९२९ साली मुंबईच्या विलेपार्ल्यात कारखाना सुरू झाला तेव्हा तिथेही आधी गोळ्या-चॉकलेटंच बनत होती, बिस्किटं नंतर आली. म्हणजे गोळ्या चघळताना आम्ही महाराष्ट्राचा थोडा भूगोलही चघळत होतो.

रावळगावचा कारखाना काढला वालचंद हिराचंद यांनी. सोलापुरात १८८२ साली जन्मलेला हा माणूस आधी रेल्वेची कंत्राटं घेत होता. भोर घाटातल्या बोगद्यांचं काम त्यांच्या नावावर आहे. पुढे १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी आणि १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना उभा करण्यात त्यांचा पुढाकार होता. रावळगावच्या खडकाळ माळावर त्यांनी उसाची शेती उभी केली, १९३३ साली कंपनी काढली आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. ऊस आपला, साखर आपली, मग गोळी ही पुढची पायरी.

गोळी बनते कशी, तेही सांगतो, कारण पुढे त्याचं काम आहे. साखर आणि मक्याच्या स्टार्चपासून काढलेलं ग्लुकोजचं घट्ट पाणी एकत्र उकळतात. पाक साधारण १५० अंशांपर्यंत तापवला की त्यात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी उरतं. मग रंग, वास आणि आंबटपणा घालून तो गार होत आला की साच्यात दाबतात. नुसती साखर असती तर तिचे पुन्हा खडे झाले असते. ग्लुकोजमुळे ती काचेसारखी पारदर्शक आणि टणक राहते. मात्र ही काच हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात गोळीला कागद चिकटायचा आणि आम्ही तो दातांनी सोलायचो. निम्मा कागद पोटात जायचा.

च्युइंगगमची तऱ्हा वेगळी. तिथे चव दोन मिनिटांची, खरा माल कागदात. 'बूमर'मध्ये पाण्याने हातावर उमटवायचं चित्र निघायचं, आणि शाळेत बाईंनी पाहिलं की ते थुंकी लावून पुसावं लागायचं. 'बिग फन'मध्ये क्रिकेटपटूंची चित्रं असायची आणि त्यावर धावा नाहीतर विकेट छापलेल्या. ठरावीक धावा जमल्या की बक्षीस. त्या चित्रांचा आमच्यात बाजार भरायचा. दोन साध्या खेळाडूंवर एक भारी खेळाडू, वर एक गोटी. आमच्यासाठी ते चलनच होतं, आणि त्याचा एक नियम होता. ज्या भावाने घेतलं त्या भावाने ते परत चालायचं.

आता अण्णांची गोळी.

रुपयाचे १६ आणे असत, तेव्हा पाव रुपया म्हणजे चार आणे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, आणे कायद्यातून गेले, पण लोकांच्या तोंडातून गेले नाहीत. २५ पैशांना आम्ही नव्वदच्या दशकातही चार आणेच म्हणत होतो. गेंड्याचं चित्र असलेलं ते छोटं स्टीलचं नाणं तुमच्यापैकी अनेकांनी फक्त फोटोत पाहिलं असेल. साध्या गोळीची किंमत त्या नाण्याएवढी होती आणि जरा बऱ्या गोळीची आठ आणे. कंपन्या आधी नाणं बघायच्या आणि मग त्यात बसेल अशी गोळी बनवायच्या.

याचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही. तेल महाग झालं तर दुकानदार लिटरमागे दोन रुपये वाढवतो. चार आण्यांची गोळी मात्र एकोणतीस पैशांना विकता येत नाही. पुढचं नाणं आठ आण्यांचं, म्हणजे किंमत थेट दुप्पट. साखर, वीज, मजुरी, कागद हे सगळं थोडं थोडं वाढत जातं आणि गोळीला उडी मारावी लागते. उडी मारली तर गिऱ्हाईक शेजारच्या बरणीकडे बघतं. नाही मारली तर गोळी लहान करायची नाहीतर तोटा सोसायचा. रावळगावने हक्क विकताना जी कारणं सांगितली, त्यांत वाढता खर्च आणि वाढती स्पर्धा ही दोन होतीच. आम्ही ग्रुपवर चवीबद्दल बोलत होतो. चवीची तक्रार कुणाचीच नव्हती.

गोळी नाण्याएवढी असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. ती नाण्याच्या जागी बसू लागली.

नव्वदच्या दशकात सुट्ट्यांची टंचाई म्हणजे काय, हे दुकानदाराच्या पोराला विचारा. अण्णा एसटीच्या कंडक्टरकडे, देवळाच्या पुजाऱ्याकडे चिल्लर मागत. शंभर रुपयांच्या चिल्लरीसाठी वर चार-पाच रुपये मोजल्याचंही मला आठवतं. मग गल्ल्याशेजारी गोळ्यांची बरणी आली. गिऱ्हाइकाचे चार आणे द्यायचे राहिले की अण्णा बरणीत हात घालत. "सुट्टे नाहीत, गोळी घ्या." बहुतेक जण घ्यायचे. घरात पोरं असायची, तेही खूश. गोळी आम्हाला घाऊकमध्ये चार आण्यांपेक्षा कमीत पडायची, म्हणजे प्रत्येक वेळी चार-सहा पैसे आमच्याकडेच राहायचे. अण्णांनी हे फसवायला केलं नाही. सगळेच करायचे. पण हिशोब तसा होता.

मी पाचवीत होतो, त्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला बोरीच्या झाडाखाली एक आजी एकटी राहायची. शेतात निंदणी-खुरपणीला जायची आणि रोजचा शिधा रोज घ्यायची. चहा पावडरची पुडी, पावशेर साखर, कधी दहा रुपयांचं तेल. एका संध्याकाळी ती आली, कमरेची पिशवी सोडली आणि आमच्या काउंटरवर गोळ्यांचा ढीग ओतला. मी मोजल्या. चौदा होत्या. पावसाने ओलावून एकमेकींना चिकटलेल्या.

"याचं खडेमीठ दे," ती म्हणाली.

अण्णा हसले. "आजी, गोळ्यांचं मीठ कसं देऊ?"

"मग माझ्या पैशाच्या गोळ्या कशा दिल्यास?"

दुकानात दोन-तीन जण होते. कुणी बोललं नाही. अण्णांनी तराजू घेतला आणि साडेतीन रुपयांचं मीठ तोलून दिलं. आजीने पुडी पिशवीत ठेवली आणि गेली. तिच्या घरात गोळी खाणारं कुणी नव्हतं आणि तिच्या तोंडात दात नव्हते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या रात्री अण्णांनी उधारीच्या वहीचं शेवटचं पान उलटं धरून वर 'देणं' असं लिहिलं आणि खाली आजीचं नाव. तिचे राहिलेले चार आणे, आठ आणे तिथे मांडले जाऊ लागले. रुपया भरला की तिला रोख मिळायचा. इथे अण्णांना फार मोठं करायचं कारण नाही. वहीत नाव फक्त तिचंच आलं, कारण हिशोब तिनेच मागितला होता. बाकीच्यांना गोळ्या चालूच राहिल्या.

आणि त्या चौदा चिकट गोळ्या? विकण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. अण्णांनी त्या मला आणि माझ्या भावाला दिल्या. आम्ही दोन दिवस त्या कागदासकट चोखल्या. मजा आली होती.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी कायद्याने बाद झाली. ५० पैशांचं नाणं मात्र आजही चलनात आहे. दहा रुपयांपर्यंतच्या व्यवहारात ते कायदेशीर आहे, पण दुकानात देऊन बघा. गोळी एक रुपयावर जाऊन थांबली. त्याच किमतीत २०१५ साली 'पल्स' नावाची कच्च्या कैरीची, आत मीठ-मसाला भरलेली गोळी आली आणि पहिल्या आठ महिन्यांत १०० कोटींची विकली गेली. म्हणजे गोळी खाणारी माणसं कुठेही गेलेली नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये गोळ्यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तेव्हाही तोच जुना पेच. हिशोबाने रुपयाची गोळी काही पैशांनी स्वस्त व्हायला हवी, पण तेवढे पैसे परत द्यायला नाणं कुठे आहे?

गेलेली गोळी कधी कधी परतही येते. पार्लेची 'रोला कोला' २००६ मध्ये बंद झाली होती. २०१९ साली ट्विटरवर लोकांनी मागणी लावून धरली आणि कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. दोन पाकिटं आणली, एक संपवलं, दुसरं बरेच दिवस टेबलाच्या खणात पडून राहिलं. गोळी ठीकच होती. मात्र ती मिळवण्यासाठी मला चार दिवस नाणी साठवावी लागली नव्हती.

गेल्या दिवाळीत गावी गेलो. दुकान आता चुलतभाऊ बघतो. काउंटरवर क्यूआर कोड आहे आणि शेजारचा स्पीकर एका बाईच्या आवाजात रक्कम सांगतो. "सत्तावीस रुपये प्राप्त झाले." बरोब्बर सत्तावीस. कुणाचं कुणाकडे काही राहत नाही. बरणी आहे, पण गल्ल्यापासून लांब, वरच्या फळीवर. "आता कोण नेतं?" भाऊ म्हणाला. "पूर्वी सुट्ट्यात जायच्या." तुम्ही ज्या फोनवर हे वाचताय, त्याच फोनने गोळीचं ते जुनं काम संपवलं. बोरीखालच्या आजीला हे पाहून बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. फक्त तिच्याकडे स्मार्टफोन असता का, हा प्रश्न उरतोच.

परत आल्यावर मी ग्रुपवर आजीची गोष्ट लिहिली. थोडा वेळ कुणीच काही टाकलं नाही. मग एका मैत्रिणीचा मेसेज आला. "माझी आई भाजी विकायची. तिला मिळालेल्या गोळ्या ती डब्यात साठवायची आणि सणाला आम्हा भावंडांना वाटायची. आम्हाला वाटायचं, आईने आणल्या."

मला त्या गोळ्यांची आठवण अजूनही येते आणि त्यात चूक काही नाही. पण आता आठवण आली की हिशोबही आठवतो. आम्हाला ती गोळी गोड लागली, कारण तिचे पैसे दुसऱ्या कुणाचे तरी परत द्यायचे राहिले होते.