इराण्याचा कोपरा

फ्रेंच भाषेंत ‘ब्रासेरी’ या शब्दाचा मूळ अर्थ बिअर गाळण्याचा कारखाना असा आहे. पॅरिसमधील बोफँजे (१८६४) व लिप (१८८०) हीं प्रसिद्ध उपाहारगृहें आल्सास प्रांतांतून आलेल्या माणसांनीं काढलीं. १८७१ मध्यें तो प्रांत जर्मनीकडे गेला, तेव्हां तेथील पुष्कळ कुटुंबें परागंदा होऊन फ्रान्सांत आलीं व त्यांच्याबरोबर त्यांचें खाद्यपेयहि आलें. आरसे, रंगीत कांचा, नक्षीदार फरशा हा थाट मागाहून चढला. थाटानें आपले डोळे दिपतात. तो ज्यानें मांडला तो मनुष्य घर सोडून आलेला होता, हें मात्र ध्यानांत येत नाहीं.

मुंबईचें इराणी हॉटेल याच कुळींतलें. इराणांत जरथुष्ट्री लोकांवरील जिझिया कर उठला तो १८८२ मध्यें, आणि तोहि मुंबईच्या पारशांनीं चालविलेल्या खटपटीमुळें. तरीहि दारिद्र्य सुटेना, म्हणून यझ्द व केरमानकडील अनेकांनीं मुंबई गांठली. धोबीतलावाजवळील कयानी १९०४ चें. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चें. रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा हिंदु व्यापाऱ्यांस अशुभ वाटे, म्हणून ती इराण्याच्या वांट्यास आली असें सांगतात. त्याच कोपऱ्यानें त्यास दोन बाजूंचा उजेड व दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक दिलें.

आंत संगमरवरी मेजें, भिंतीवर आरसे आणि वाकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या. या धाटणीची खुर्ची थोनेट यांच्या व्हिएन्ना येथील पेढीनें १८५९ मध्यें प्रचारांत आणली. बीच वृक्षाचें लांकूड वाफेनें मऊ करून वाकवावयाचें व सुटे भाग स्क्रूनें जोडावयाचे, ही तिची युक्ति. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरांत मावत. म्हणून ही धाटणी पॅरिसच्या कॅफेंतहि गेली आणि इराण्याकडेहि आली.

आम्हां नांदेड-लातूरकरांची इराण्याशीं ओळख हैदराबादेच्या वाटेनेंहि झाली. १९४८ पर्यंत हीं दोन्ही गांवें निजामाच्या राज्यांत होतीं. शिक्षणासाठीं वा कचेरीच्या कामासाठीं राजधानीस जाणाऱ्यास तेथील इराणी चहा व उस्मानिया बिस्किट नवें नसे.

पंक्तींत कोणी कोठें बसावें हें ज्या काळीं जन्मावरून ठरे, त्या काळीं इराण्याच्या मेजावर पुष्कळदां दाम एवढीच ओळख पुरे. भेद सर्वत्र मिटला असें आम्ही म्हणत नाहीं. पण अनोळखी माणसासमोर बसून निःसंकोच चहा घेण्याची संवय शहरी माणसास लावण्यांत या दुकानांचा वांटा मोठा आहे. आज तीं मोजकींच उरलीं आहेत. आरसे व खुर्च्या संग्रहालयांत ठेवतां येतील. ती संवय मात्र जेथें माणसें एका मेजावर बसतात तेथेंच टिकेल.