कमिन्स इंजिनाचे जुने डॉज ट्रक: दोषांचा आणि दुरुस्तीचा इतिहास

अमेरिकेतील अवजड कामाच्या पिकअप ट्रकांच्या इतिहासात १९८९ हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण त्या वर्षीच्या मॉडेलपासून क्रायस्लर कंपनीने आपल्या डॉज ट्रकांमध्ये कमिन्सचे ५.९ लिटर क्षमतेचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले डिझेल इंजिन बसवण्यास प्रारंभ केला. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या तत्कालीन ट्रकांतील आठ सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना टर्बोचार्जर नव्हता आणि त्यांत इंधन आधी एका लहान पूर्वकक्षात फवारले जाई. कमिन्सच्या इंजिनात मात्र ते थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई आणि धुराच्या वेगाने फिरणारा टर्बोचार्जर आत जादा हवा कोंबत असे. हे इंजिन मुळात पिकअपसाठी घडवलेलेच नव्हते. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात केस या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने ते शेतीची आणि बांधकामाची यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले होते. याच बी मालिकेची इंजिने पुढे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्समार्फत भारतीय ट्रकांत आली, त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक फिटरांच्या हातांना ती परिचित आहेत.

या ट्रकांच्या दोषांचा इतिहास समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती अशी की इंजिन सहसा दगा देत नसे. दगा देत ते त्याच्याभोवतीचे, त्या ताकदीच्या आणि वजनाच्या हिशेबाने न घडवलेले भाग. सुमारे ५०० किलो वजनाचे हे इंजिन पुढच्या धुरीवर असल्याने बॉल जॉइंट लवकर झिजत, आणि धुरीला चासीशी आडवी बांधून ठेवणारा दांडा सैल झाला की स्टिअरिंग भरकटू लागे. १६० अश्वशक्तीच्या पहिल्या इंजिनाची पिळाची ताकद सुमारे ५४० न्यूटन-मीटर होती आणि जड ट्रेलर ओढताना तिचा ताण सोसणे स्वयंचलित गिअरबॉक्सला कठीण जाई. १९९४ नंतरच्या हाती गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरला जागेवर धरणारा नट सैल पडून तो गिअर निकामी होत असे, हेही त्याच ताणाचे फळ होते.

इंजिनातील सर्वांत प्रसिद्ध दोष मात्र एका लहानशा पोलादी खिळीचा होता. टायमिंग गिअरांचे कवच इंजिनाच्या ठोकळ्यावर नेमके बसावे म्हणून, म्हणजे केवळ जुळणीच्या सोयीसाठी, ही खिळी ठोकलेली असे. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकत येई, फिरत्या गिअरांमध्ये पडे आणि कवच फोडी; दैव वाईट असेल तर टायमिंग बिघडून व्हॉल्व्हही वाकत. यावरची दुरुस्ती खर्चाची नव्हती, पण चिकाटीची होती. पंखा, क्रँकच्या टोकावरचा डँपर आणि पुढचे झाकण उतरवायचे, खिळी पुन्हा आत ठोकायची आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची एक पट्टी अशी दाबून बसवायची की तिचे टोक खिळीच्या तोंडावर येईल. काही मिस्त्री छिद्राची कड पंचने ठेचून हेच साधत. बोटाच्या पेराएवढ्या पट्टीने संपूर्ण इंजिन वाचत असल्यामुळे जुना ट्रक विकत घेताना हे काम झाले आहे की नाही, हा प्रश्न आधी विचारण्याची रीत पडली.

१९९४ ते १९९८च्या पूर्वार्धापर्यंतच्या ट्रकांत बॉशचा पी ७१०० हा पंप होता. प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र दट्ट्या असलेला हा पंप पूर्णतः यांत्रिक असल्याने त्याचे दोषही हाताने शोधता येत. इंधन परत नेणाऱ्या रबरी नळ्या तडकल्या की पंप हवा ओढी आणि सकाळी इंजिन बराच वेळ नुसते फिरत राही; नळ्या बदलून एअर काढली की काम भागे.

प्रदूषणाचे नियम कडक झाले तसा १९९८च्या उत्तरार्धात चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनाबरोबर व्हीपी ४४ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पंप आला आणि दुरुस्तीचे स्वरूपच पालटले. या पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही त्यातून वाहणाऱ्या डिझेलकडूनच मिळत असे, आणि ते डिझेल टाकीतून आणणारा छोटा विजेचा पंप टाकीपासून लांब, थेट इंजिनावर बसवलेला असल्याने तो वरचेवर दमत असे. घात असा की तो बंद पडला तरी मोठा पंप स्वतःच डिझेल ओढत राही, ट्रक चालत राही आणि चालकाला काहीच न कळता महागडा पंप आतून झिजत जाई. म्हणून जाणकार मालकांनी टाकीजवळ चासीवर दमदार पंप आणि चालकासमोर डिझेलच्या दाबाचा काटा बसवण्याची प्रथा रूढ केली. कारखान्याने न दिलेला हा काटा त्या काळच्या दुरुस्तीतला सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणावा लागेल. याच काळातील, अंगावर ५३ हा आकडा ओतलेल्या काही ठोकळ्यांची पाण्याच्या बाजूची भिंत पातळ असल्याने तिला चीर जाऊन शीतकद्रव झिरपू लागे. तिथे मात्र काट्याचा उपयोग नव्हता, ठोकळा शिवून घेणे किंवा बदलणे एवढेच हाती उरे.

२००३ मध्ये कॉमन रेल पद्धत आली, जिच्यात अतिउच्च दाबाचे डिझेल एका सामायिक नळीत साठवून संगणकाच्या आज्ञेने नोझलमधून सोडले जाते. इंजिन शांत झाले, पण नोझलची तपासणी खास उपकरणांशिवाय अशक्य झाली. यामुळे जुन्या पी ७१०० पंपाचा भाव वाढला आणि चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनावरचा इलेक्ट्रॉनिक पंप काढून, जुन्या इंजिनाचे गिअर-कवच आणून, त्यावर हा यांत्रिक पंप चढवून देणारी गॅरेजे उभी राहिली. कॅलिफोर्नियाने २०१० पासून १९९८ आणि त्यापुढच्या डिझेल गाड्यांना धूर-तपासणी लागू केल्यावर तिथे मात्र असा बदल केलेला ट्रक रस्त्यावर ठेवणे अवघड झाले.